चाळीस उड्डाणं

ठमीच्या मुठीतून हेडफोनची वायर सोडवून तिने यादीतला नववा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली तशी तिने ठमीला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. पाच महिन्यांची ठमी झोप यायला लागली की खांद्यावर नाक घासायची आणि झोप लागली की थांबायची. अजून घासणं चालू होतं. खरं तर अशा वेळी कुणालाही फोन लावू नये. पण बारापैकी आठच फोन झाले होते, बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि ठमीच्या झोपेचा मुहूर्त पाहत बसलं तर यादी पुरी व्हायला पुढचं वर्ष उजाडलं असतं.

ऑफिसात तिला सगळे यादीवाली म्हणत. विमान कंपनीच्या ज्या विभागात ती होती, तिथे नेहमीच्या प्रवाशांचे दर्जे ठरत. वर्षात चाळीस उड्डाणं झाली की रुपेरी कार्ड, ऐंशी झाली की सोनेरी. रुपेरीवाल्याला पहिल्या रांगेतली जागा मागून घेता येई, इतरांच्या आधी विमानात चढता येई, एक बॅग जास्त नेता येई. कोण चाळिसापर्यंत पोहोचलं, कोण पायरीवरच अडकलं, याच्या याद्या ती करायची. बाळंतपणाची रजा संपल्यापासून आठवड्यातले तीन दिवस घरून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला वाळत घातलेले लंगोट आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप अशी.

यंदा चाळीस हा आकडाच अडचणीत आला होता. विभागाच्या प्रमुख मॅडम एकदा स्वतः प्रवासाला निघाल्या, तेव्हा आधी चढणाऱ्यांची रांग उरलेल्यांच्या रांगेपेक्षा लांब दिसली. त्या रांगेत त्या स्वतः वीस मिनिटं उभ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं, सगळेच पालखीत बसले तर पालखी उचलणार कोण? एवढे लोक एवढ्या सहज पात्र होतातच कसे?

उत्तर शेजारच्या टेबलावर तयार होतं. तिथे बसणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिस आकडेशास्त्री म्हणायचं, आणि ते त्याला आवडायचं. त्याने दाखवून दिलं की कंपनी अंतर मोजत नाही, उड्डाण मोजते. सरळ विमानाने जाऊन आलं की दोन उड्डाणं होतात. तोच प्रवास मध्ये विमान बदलून, मोडून केला की चार. काही लोक केवळ त्यासाठी मोडून जात. काही तर कुठे जायचंच नसताना जात, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता परत येत. अशांना ऑफिसात ‘भिंगरी’ म्हणत. सरळ विमान असताना मोडून गेलेले आणि चाळीस जेमतेम ओलांडलेले एकशे अठरा जण त्याने वेगळे काढले होते.

नियम बदलण्याआधी बारा जणांना फोन करायचा, ही मॅडमची जुनी पद्धत. आकडे खोटं बोलत नाहीत, पण तोंड उघडून बोलतही नाहीत, असं त्या म्हणत. फोनवर आरोप करायचा नाही. सेवा कशी वाटली एवढंच विचारायचं आणि माणसाला बोलू द्यायचं. माणूस बोलायला लागला की आपोआप कळतं.

आठांपैकी सहांच्या बाबतीत कळलं होतंच. भिंगरी असल्याचं त्यांनी लपवलंही नव्हतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी खुशीत सांगितलं की दर शनिवारी एक चक्कर मारतो, जाताना वर्तमानपत्र, येताना शब्दकोडं, आणि घरी बायकोला दिवसभर शांतता. एका जोडप्यात कुणाचं कार्ड आधी होतं यावरून पैज लागली होती, आणि फोनवरही ती पैज चालूच होती. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एकाने तर तिलाच समजावून सांगितलं, कोणत्या गावी उतरलं की एका दिवसात सहा उड्डाणं बसतात. तिने समोरच्या चौकटीत सहा वेळा ‘हो’वर खूण केली आणि सहाही वेळा तिला हसू आलं.

नवव्या नावाची नोंद मात्र विचित्र होती. वय सहासष्ट. त्रेचाळीस उड्डाणं. पहिलं तेवढं सरळ, बाकीची सगळी मोडून. सगळ्या फेऱ्या एकाच शहराच्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सुरुवातीला सलग सात मंगळवार, मग हळूहळू विरळ होत गेलेल्या. पुढे आकडेशास्त्रीने लाल अक्षरांत शेरा मारला होता : पक्की भिंगरी, पहिल्या फेरीतच शहाणा झाला.

“हॅलो.” आवाज म्हाताऱ्याचा, पण खणखणीत होता.

तिने ठरलेलं वाक्य म्हटलं. विमान कंपनीतून बोलतेय, यंदा तुमची त्रेचाळीस उड्डाणं झाली, रुपेरी कार्ड मिळालं, त्याबद्दल अभिनंदन; दोन मिनिटं बोलू का?

“दोनच कशाला? चांगलं दहा मिनिटं बोला. आमच्या बाईसाहेब आत्ताच झोपल्यात.”

तिला वाटलं, बायको असेल. तिने एकेक प्रश्न विचारायला घेतला. कर्मचारी कसे वाटले? देवमाणसं. विमानं वेळेवर असतात का? आपल्यापेक्षा जास्त. खाणं? बाईसाहेबांचे दात आत्ता कुठे येत होते, त्यामुळे त्यांचं मत घेता आलं नाही. इथे तिच्या लक्षात आलं की बायको नसावी.

मग तिने तो प्रश्न विचारला. सहज विचारल्यासारखा, आठ जणांवर घोटून घेतलेला.

“काका, तुमच्या गावाहून तिकडे सरळ विमानही जातं. त्याच्या वेळा सोयीच्या नाहीत का?”

पलीकडे तो हसला.

“ताई, मी एकतीस वर्षं घाटात बस चालवली. तपासनीस गाडीत चढला की ड्रायव्हरला मागे न बघता कळतं.”

तिचे कान तापले. नेमकं तेव्हाच ठमीने नाक घासणं थांबवून भोकाड पसरलं.

“तान्हं आहे का?” तो म्हणाला. “केवढं आहे?”

“पाच महिन्यांची.”

“मग आधी तिचं बघा. मी आहे. फोन ठेवू नका, नुसता बाजूला ठेवा.”

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ठमीला पदराखाली घेतलं. भुकेपेक्षा झोपेचं रडणं होतं ते, पाच मिनिटांत ओसरलं. पण तिने घाई केली नाही. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होते : भांडं ठेवल्याचा, खुर्ची सरकल्याचा, मध्येच एक खोकला. त्याने खरंच फोन ठेवला नव्हता. इतक्या दिवसांत कामाच्या वेळी तिच्यासाठी कुणी असं थांबलं नव्हतं. ऑफिसातले लोक वाईट नव्हते, पण मूल रडलं की ते ‘नंतर बोलू’ म्हणत, आणि त्या म्हणण्याने ती चूक केल्यासारखी आवरून बसे.

ठमीला झोळीत ठेवून तिने हेडफोन पुन्हा लावला.

“झोपली?”

“झोपली.”

“मग आता विचारा. तपासायलाच पाहिजे. तपासायचा नसेल तर नियम कशाला केला?”

आणि मग त्याने जे सांगितलं ते तिने अर्धं टिपून घेतलं. पुढचं टिपायचं राहून गेलं.

बाईसाहेब म्हणजे त्याची नात, लेकीची मुलगी. जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आतल्या बाजूला वळलेली होती, मुठी वळाव्यात तशी. डॉक्टर म्हणाले, बरं होतं, पण वेळेत सुरू करायला हवं आणि मध्ये खंड पडता कामा नये. दर आठवड्याला पावलं हातांनी थोडी सरळ करायची, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडी सरळ करायची. अशी सात प्लास्टरं. हे नीट करणारे हात तेव्हा त्या एका शहरात होते. जावई जहाजावर. लेक कारखान्यात पाळीवर, रजा सगळी गरोदरपणातच संपलेली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. उरला कोण, तर ड्रायव्हर. तोही रिकामा. “गाडी नाही, पण ड्रायव्हर आहे, असं झालं होतं माझं,” तो म्हणाला.

पहिल्या वेळी तो सरळ विमानाने गेला. बाईसाहेब तेव्हा तीन आठवड्यांच्या. विमान वर चढताना त्याने बाटली दिली, ती पिऊन त्या झोपल्या. विमान खाली यायला लागलं आणि त्या अशा ओरडायला लागल्या की त्याला वाटलं, काहीतरी टोचलं. कपडे काढून पाहिले. उतरेपर्यंत त्या निळ्या पडल्या होत्या. दवाखान्यात सांगितलं की कान दुखले असतील, उतरताना दुखतात, गिळत राहिलं की दुखत नाहीत.

“हे मला कुणी सांगायला नको होतं,” तो म्हणाला. हसणं आता आवाजात नव्हतं. “घाट उतरताना अर्धी बस जांभया देते. एकतीस वर्षं बघितलंय मी. नवीन ड्रायव्हरला मीच शिकवायचो, उतार एका दमात उतरू नको, मध्ये गाडी थांबव, चहा पाज, लोकांचे कान मोकळे होऊ दे. आणि स्वतःच्या नातीला एका दमात उतरवली.”

त्या दिवशी परत येताना त्याने तिकीट खिडकीवरच्या मुलीला विचारलं की लहान विमान आहे का. पंख्याचं होतं, मध्ये एका गावी उतरून दुसरं धरायचं. ते फार उंच जात नाही आणि हळूहळू उतरतं, एवढं त्या मुलीने सांगितलं. पण त्याला खरा उपयोग झाला तो आवाजाचा. मोठ्या विमानात इंजिन कुठेतरी दूर असतं, काही कळत नाही. पंख्याच्या विमानात ते कानाशी असतं. उतरायची घोषणा व्हायच्या आधी त्याचा सूर बदलतो, गिअर टाकल्यासारखा. तो बदलला की बाटली तोंडात द्यायची. घोषणेची वाट बघितली तर उशीर होतो.

लेक पहाटे उठून दूध काढून ठेवायची. चार बाटल्या, बर्फाच्या डब्यात. जाताना दोन उतार, येताना दोन. एका उताराला एक बाटली. मधल्या विमानतळावर तासभर मिळायचा, तेवढ्यात तो तिला घेऊन येरझाऱ्या घालायचा, लंगोट बदलायचा, खिडकीतून विमानं दाखवायचा. त्यानंतर एकदाही त्या रडल्या नाहीत. कानांसाठी तर नाहीच. भुकेसाठी रडल्या, त्याला तो काय करणार?

“आणि पहिली रांग?” तिने विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

पहिली रांग त्याला माहीतच नव्हती. कार्ड घरी आलं तेव्हा लेकीने वाचून दाखवलं. त्याआधी ज्या रांगेत जागा मिळेल तिथे बसायचा. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, गुडघ्यात वाकलेले, मांडीवर घेतलं की एक पाय समोरच्या खुर्चीला लागायचा आणि एक शेजाऱ्याला. एका गृहस्थाचा कॉफीचा पेला बाईसाहेबांनी उडवला. त्याने माफी मागितली, तर ते गृहस्थ म्हणाले की आजवर इतक्या लहान माणसाने मला लाथ मारली नव्हती. प्लास्टर सुटल्यावर दोन बूट आणि मध्ये आडवी पट्टी आली, पाय फाकलेले ठेवायला. ती तर दोन खुर्च्यांच्या मध्ये मावेचना. पहिल्या रांगेत पुढे मोकळं असतं, तेव्हा आता बरं होईल.

“आता म्हणजे? प्लास्टर सुटलं ना?”

“डावं पाऊल परत थोडं वळलंय. होतं असं, डॉक्टर म्हणतात. पुढच्या महिन्यापासून पुन्हा सात मंगळवार.”

तिने कागदाकडे पाहिलं. पुढच्या महिन्यापासून, म्हणजे नवा नियम लागायचा तेव्हापासूनच. मोडून केलेला प्रवास एकच धरून यंदाचे आकडे पुन्हा मोजले तर त्याची उड्डाणं त्रेचाळिसावरून थेट बाविसावर येत होती. कार्ड जाणार आणि पहिली रांगही जाणार, नेमकी ती लागणार तेव्हा. तिने ते त्याला सांगायला नको होतं. पण ज्याने दहा मिनिटं फोन धरून ठेवला, त्याच्यापासून लपवणंही तिला जमेना. तिने सांगितलं, आणि घाईघाईने पुढे म्हणाली की मी उद्या बैठकीत हे सगळं मांडते, मॅडम ऐकतील, असं मूल आहे म्हटल्यावर कुणीही…

“नाही,” तो म्हणाला. “नातीचं नाव पुढे करू नका, ताई.”

“पण काका, खरंच आहे ना ते?”

“खरं आहे म्हणूनच. उद्या तिला कळायला लागेल. आपल्या पायांवर आजोबाने जागा मागितली, असं तिला कुणी सांगितलेलं मला आवडणार नाही. मागचं वर्षभर मागच्या रांगेत बसलोच की आम्ही. एका प्रवाशासाठी गाडीचा मार्ग बदलत नाहीत.” मग, जणू स्वतःशीच, “पण सुटलेल्या गाडीचाही बदलत नाहीत म्हणा.”

फोन ठेवण्याआधी एक वाक्य म्हणायचंच असे. पडद्यावर ते ठळक अक्षरांत येई आणि म्हटल्यावर खूण करावी लागे. तिने सवयीने म्हटलं, पुढच्या वर्षीही आपण आमच्या रुपेरी प्रवाशांमध्ये असाल अशी आशा आहे.

पलीकडे झोपलेल्या मुलीचं काहीतरी कुरकुरणं ऐकू आलं, आणि त्याची तिच्याकडे वळलेली पावलं.

“तेवढं सोडून काहीही म्हणा, ताई,” तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तिने हेडफोन काढून ठेवला. मग झोळीत वाकून तिने ठमीचं एक पाऊल हातात घेतलं. अंगठा आत दुमडला, सोडला. पाच महिन्यांत ही पावलं तिने शंभर वेळा धुतली होती, पुसली होती, त्यांना तेल लावलं होतं, आणि नीट अशी आजच पाहिली. ठमीने झोपेतच पाय ओढून घेतला. चौकटीत ‘भिंगरी’पुढे तिने ‘नाही’वर खूण केली. ‘कारण’ रिकामं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ठमीला सासूबाईंकडे देऊन ती बैठकीला गेली. आकडेशास्त्रीने भिंतीवर आलेख लावला आणि सगळं स्वच्छ समजावलं. बारापैकी नऊ भिंगरी, म्हणजे त्याचा अंदाज बरोबर. मॅडमनी कागद हातात घेतला आणि त्यांचं बोट वरून खाली सरकत नवव्या ओळीवर थांबलं.

“हे त्रेचाळीसवाले. सरळ विमान असताना बेचाळीस उड्डाणं मोडून केलीत, आणि तू ‘नाही’ म्हणतेस. कारण लिहिलं नाहीस.”

“त्यांनी सांगितलंय मला. पण पुढे करू नका म्हणालेत.”

आकडेशास्त्री हसला. असं तर सगळेच म्हणतील, म्हणाला. कारण पुढे करू नका म्हटलं की सुटली का भिंगरी?

मॅडम हसल्या नाहीत. “तुझी खात्री आहे?”

“आहे.”

“मग तुझं म्हणणं काय, नियम बदलू नये?”

रात्री दूध पाजताना तिने याचंच उत्तर दोन-तीनदा रचलं होतं, आणि त्या प्रत्येक उत्तरात दोन वळलेली पावलं होती. ती बाजूला ठेवली तर हातात फार थोडं उरत होतं.

“बदलावा,” ती म्हणाली. “लोक फारच सहज पोहोचतात, ते खरं आहे. पण जे जुन्या नियमाने पोहोचले, त्यांचं वर्षाचं कार्ड वर्षभर राहू द्या. भिंगरी असले तरी. गाडी सुटल्यावर मार्ग बदलत नाहीत.”

“सगळ्या एकशे अठरांचं?” आकडेशास्त्रीने विचारलं. “त्या शब्दकोडंवाल्यांचंही?”

“त्यांचंही.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग कागदाच्या कडेला एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. रांग आणखी एक वर्ष लांब राहील, एवढंच त्या म्हणाल्या. बाहेर पडताना आकडेशास्त्रीने तिला टोमणा मारलाच : एका माणसासाठी एकशे सतरा फुकटे तारून नेलेस. तिला तो हिशोब महाग वाटत नव्हता.

पुढचं वर्ष मुलं वाढवणाऱ्यांची वर्षं जातात तसं गेलं, म्हणजे कुठे गेलं ते कळलं नाही. ठमी रांगली, टेबलाच्या पायाला धरून उभी राहिली, लॅपटॉपच्या वायरला धरून उभी राहायचा प्रयत्न करून लॅपटॉपसकट खाली बसली. तिने त्या काकांना पुन्हा फोन केला नाही. करायचं काही कारण नव्हतं. नोंद मात्र ती अधूनमधून उघडायची. सात मंगळवार ओळीने आले. प्रत्येक नोंदीच्या शेवटी, खास सूचना म्हणून असते त्या रकान्यात : पहिली रांग, मांडीवर बाळ, पायाला प्लास्टर. मांडीवरच्या बाळाला जागेचा क्रमांक नसतो, त्यामुळे नातीची स्वतंत्र नोंद कुठेच नव्हती. ती आजोबांच्या ओळीतच प्रवास करत होती.

चौथ्या मंगळवारनंतर एक दिवस आकडेशास्त्री खुर्ची सरकवत तिच्या टेबलाशी आला. त्याच्या हातात छापलेला कागद होता.

“अगं, हे तुझे त्रेचाळीसवाले. आता मोडून जाण्याचं काही मिळत नाही. दोनाचे चार होत नाहीत. तरी मोडूनच जातायत.”

“हो.”

तो कागदाकडे बघत राहिला. त्याच्या आलेखात न बसणारी गोष्ट पाहिली की त्याच्या कपाळावर एक आडवी रेघ उठत असे. तशी ती उठली. आकडे कळणाऱ्या माणसाला फार सांगावं लागत नाही. तो त्या खास सूचनेच्या रकान्यापर्यंत वाचत गेला आणि थांबला. मग खुर्ची ओढत परत गेला. संध्याकाळी तिने पाहिलं तेव्हा जुन्या यादीतला लाल शेरा तिथे नव्हता. त्याच्या जागी त्याने काही लिहिलंही नव्हतं.

सात मंगळवारांनंतर तीन आठवडे काही नाही. मग एक फेरी, ‘पायात पट्टीचे बूट’ अशी सूचना. मग दीड महिन्याने एक. त्यानंतर सात महिने कोरे.

वर्ष संपता संपता पत्रांचं काम आलं. ज्यांची कार्डं जाणार होती, त्यांना कंपनी पत्र पाठवायची : आपण आपल्या रुपेरी दर्जापासून फक्त अमुक उड्डाणं दूर आहात. मजकूर संगणक तयार करायचा, नाव आणि आकडा भरून. यादीवालीने एकेक पत्र नजरेखालून घालून ‘पाठवा’ म्हणायचं. हे काम ती घरून करत होती. ठमी जमिनीवर भांडी मांडून बसली होती. प्राध्यापक आले, त्यांना अकरा कमी पडत होती. पैज लावणारं जोडपं आलं, नवऱ्याला सहा आणि बायकोला चार, म्हणजे पैजेचा निकालही लागला होता. तिने पाठवली.

मग त्यांचं नाव आलं. आपण आपल्या रुपेरी दर्जापासून फक्त वीस उड्डाणं दूर आहात.

तिने मनात गणित केलं. नऊ फेऱ्यांची नव्या नियमाने अठरा होत होती. वीस कमी, म्हणजे झाली होती वीस. दोन जास्तीची कुठून आली? तिने नोंद उघडली.

गेल्या पंधरवड्यातली होती. दवाखान्याच्या शहराची नव्हती, उलट्या दिशेची. समुद्रकाठचं गाव, जिथे लोक सुट्टीला जातात. शुक्रवारी जाऊन सोमवारी परत. सरळ, मोठ्या विमानाने. कार्ड तेव्हा चालू होतं, महिनाभर तरी चालणार होतं. पहिल्या रांगेत त्या दिवशी दोन जागा रिकाम्या गेल्या होत्या, तेही तिने पाहिलं. त्यांनी त्या मागितल्या नव्हत्या. एकोणिसावी रांग, तीन जागा एकाला एक लागून. मार्गिकेच्या बाजूला आजोबा. मधल्या जागेवर त्यांची लेक.

खिडकीशी तिसरं नाव होतं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय वर्षं दोन, आणि पुढे स्वतःचा जागा क्रमांक. तिने ते एकदा मनात वाचलं आणि एकदा ओठ हलवून. खास सूचनेच्या रकान्यात काही नव्हतं. तो रकाना तिने पडद्यावर मोठा करून पाहिला, तरी काही नव्हतं.

पत्र पाठवायचं का, असं संगणक विचारत होता. तिने ‘नाही’ म्हटलं. ‘नाही’ म्हटल्यावर त्याला कारण लागे, आणि दिलेल्या कारणांतून एक निवडावं लागे : प्रवास कमी झाला, दुसऱ्या कंपनीकडे गेले, सेवेबद्दल तक्रार, इतर. तिने ‘इतर’ निवडलं. खाली एक चौकट उघडली.

ठमी भांड्यांमधून उठून, कशालाही न धरता, तिच्याकडे निघाली होती. तिने एक हात बाजूला करून तिला यायला वाट दिली, दुसऱ्या हाताने चौकटीत ‘काम झालं’ एवढं लिहिलं, आणि पुढचं नाव उघडलं.